गाडी थांबली, पण बोलावे कोणाशी? : चालकरहित वाहने, राज्यसंस्था आणि पोलीस यांच्या संबंधांचा इतिहास (विशेष संदर्भ : कॅलिफोर्निया)

प्रस्तावना

जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात गस्तीवरील एका पोलीस अधिकाऱ्याला एक मोटार समोरून येणाऱ्या वाहनांच्या मार्गिकेत शिरलेली दिसली. त्याने नेहमीप्रमाणे दिवे लावून तिचा पाठलाग केला. मोटार बाजूला जाऊन थांबली. अधिकारी उतरून चालकाच्या खिडकीपाशी गेला, तर आसनावर कोणीही नव्हते. ती वेमो कंपनीची चालकरहित टॅक्सी होती. कंपनीच्या दूरस्थ प्रतिनिधीशी त्याचे बोलणे झाले, रस्त्याच्या कामाच्या फलकांमुळे गाडी गोंधळली असा खुलासा मिळाला आणि प्रकरण तेथेच संपले. संगणकावर दंडाची पावती फाडता येत नाही, अशा आशयाची एक ओळ पोलिसांच्या नोंदीत तेवढी राहिली.

वृत्तपत्रांनी हा प्रसंग गमतीचा म्हणून छापला. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यात एका दीर्घ परंपरेचा खंड दिसतो. गेली सव्वाशे वर्षे रस्त्यावरील कायदा एका गृहीतावर उभा आहे. गाडी थांबविली की तिच्यात एक माणूस सापडतो. त्याला नाव विचारता येते, परवाना मागता येतो, सही घेता येते आणि प्रसंगी अटकही करता येते. हे गृहीत कसे तयार झाले, ते मोडत असताना राज्यांनी कोणत्या गोष्टींचा विचार केला आणि कोणत्या राहून गेल्या, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, राज्यांनी चालकरहित वाहनाचा विचार प्रारंभापासून अपघात, विमा आणि उद्योगवाढ या अंगांनी केला. पोलीस आणि वाहन यांची रस्त्यावरील भेट हा विषय त्यांच्या लेखी दुय्यम राहिला. या दुर्लक्षाचा परिणाम म्हणून नियमभंगाचा जाब रस्त्यावरून उठून कंपनी आणि शासकीय खाते यांच्यातील पत्रव्यवहारात गेला. हे स्थलांतर लहानसे नाही.

'चालक' या व्यक्तीची घडण

बाजाराहून परतणाऱ्या बैलगाडीत गाडीवान झोपी गेला तरी बैल घरची वाट धरतात, हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. त्या अर्थाने स्वतःहून चालणारे वाहन मानवाला नवे नाही. परंतु वाटेत कोणाच्या अंगावर गाडी गेली तर जाब गाडीवानालाच द्यावा लागे. यंत्राची गाडी आली तेव्हा शासनाने याच माणसाला अधिक ठळकपणे समोर उभे केले. इंग्लंडमधील १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनाबरोबर किमान तीन माणसे असावीत, त्यांपैकी एकाने ६० यार्ड पुढे लाल निशाण घेऊन चालावे आणि वेग गावात ताशी २ मैल, गावाबाहेर ४ मैल यांपेक्षा अधिक नसावा असे बंधन घातले. निशाणाची सक्ती १८७८ मध्ये शिथिल झाली, तरी वेगाचे बंधन १८९६ पर्यंत टिकले. त्याच वर्षाच्या जानेवारीत केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड या मोटारधारकाला २ मैलांच्या हद्दीत ८ मैल वेगाने गाडी हाकल्याबद्दल दंड झाला. त्याला सायकलवरील एका शिपायाने पाठलाग करून गाठले होते.

अमेरिकेतील तशीच पहिली ज्ञात घटना २० मे १८९९ ची आहे. न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवर जेकब जर्मन नावाचा टॅक्सीचालक ताशी १२ मैल वेगाने जात असताना सायकलस्वार पोलिसाने त्याला पकडले आणि ठाण्यात डांबले. त्याची गाडी विजेवर चालणारी होती. अमेरिकेत वेगासाठी झालेली पहिली अटक विजेच्या टॅक्सीच्या चालकाची असावी आणि १२५ वर्षांनी पोलिसांना निरुत्तर करणारी गाडीही विजेची टॅक्सीच असावी, हा योगायोग आहे. त्यातून सिद्ध काही होत नाही. फरक मात्र नोंदविण्यासारखा आहे. १८९९ मध्ये गाडीला नोंदणीक्रमांक नव्हता, चालकाकडे परवाना नव्हता आणि पावतीची पद्धतही रुळलेली नव्हती. पोलिसाच्या हाती लागला तो फक्त एक देह, आणि तेवढा पुरेसा ठरला.

पुढील अर्धशतकात या देहाभोवती कागदांची व्यवस्था उभी राहिली. न्यूयॉर्कने १९०१ मध्ये वाहनांची नोंदणी सुरू केली. १९०३ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि मिसुरी या राज्यांनी चालकाला परवाना सक्तीचा केला. ही सक्ती सर्वदूर पोहोचण्यास १९५४ उजाडले, कारण साउथ डकोटा राज्य तोवर थांबून होते. कॅलिफोर्नियाचा मोटार वाहन विभाग १९१५ चा आणि महामार्ग पोलीस दल १९२९ चे. या क्रमाकडे पाहिले असता असे म्हणावेसे वाटते की, 'चालक' ही कायदेशीर व्यक्ती मोटारीने घडविली नाही, तर मोटार थांबविण्याच्या गरजेने घडविली.

सारा सिओ या विधि-इतिहासकार महिलेने 'पोलिसिंग द ओपन रोड' (२०१९) या ग्रंथात याच कालखंडाची दुसरी बाजू मांडली आहे. मोटारीपूर्वी पोलिसांचा संबंध मुख्यतः भटक्यांशी, मद्यप्यांशी, समाजाच्या कडेला असलेल्यांशी येई. मोटारीमुळे प्रतिष्ठित मध्यमवर्ग प्रथमच दररोज पोलिसांसमोर उभा राहू लागला आणि त्याबरोबर पोलिसांची विवेकाधीन सत्ताही वाढली. सर्वोच्च न्यायालयाने १९२५ च्या कॅरोल खटल्यात वॉरंटाविना मोटारीची झडती ग्राह्य मानली. १९७७ च्या मिम्स खटल्यात चालकाला गाडीबाहेर उतरविण्याचा अधिकार पोलिसांना दिला. १९७९ च्या प्राउझ खटल्यात कारणाविना गाडी थांबविण्यास मनाई केली. आणि १९९६ च्या रेन खटल्यात, नियमभंग घडला असेल तर थांबविण्यामागचा पोलिसाचा अंतस्थ हेतू पाहण्याचे कारण नाही असा निर्वाळा दिला. या शेवटच्या निकालाने प्राउझमधील संरक्षणाला मोठे भगदाड पाडले, कारण शोधायचाच म्हटले तर प्रत्येक गाडीत एखादा नियमभंग सापडतो. अमेरिकेत दररोज ५० हजारांहून अधिक गाड्या पोलीस थांबवितात असा स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि कृष्णवर्णीय चालकांना त्याची झळ अधिक बसते हेही त्याच अभ्यासातून पुढे आले. २०१६ मध्ये मिनेसोटा राज्यात अशाच एका थांबवणुकीत फिलँडो कॅस्टील हा कृष्णवर्णीय चालक पोलिसाच्या गोळीने ठार झाला. तेव्हा चालक आणि पोलीस यांची ही भेट संपुष्टात येण्याबद्दल केवळ हळहळ व्यक्त करणे योग्य होणार नाही. जी गोष्ट नाहीशी होत आहे ती निर्दोष नव्हती.

राज्यांनी घातलेल्या पायघड्या

चालकरहित वाहनांना कायद्यात स्थान देणारे पहिले राज्य नेवाडा. तेथील विधिमंडळाने २०११ मध्ये कायदा संमत केला, १ मार्च २०१२ पासून नियम लागू झाले आणि मे महिन्यात गूगलच्या टोयोटा प्रियस गाडीला लाल रंगाची, अनंताचे चिन्ह असलेली क्रमांकपट्टी देण्यात आली. गाडी प्रायोगिक आहे हे पाहणाऱ्याला, अर्थात पोलिसालाही, दुरून कळावे हा त्या पट्टीचा उपयोग. अनंताचे चिन्ह कोणाच्या कल्पनेतून आले हे ठाऊक नाही, पण त्या काळातील उत्साहाला ते शोभून दिसते.

कॅलिफोर्नियाचा कायदा २५ सप्टेंबर २०१२ रोजी झाला. राज्यपाल जेरी ब्राउन यांनी त्यावर स्वाक्षरी केली ती माउंटन व्ह्यू येथील गूगलच्या मुख्यालयात जाऊन. ज्याचे नियमन करायचे त्याच्याच घरी नियमनाचा कायदा जन्माला यावा, यातून त्या वेळचे वातावरण कळते. कायद्याने चाचणीसाठी ५० लाख डॉलरच्या विम्याची किंवा तत्सम हमीची अट घातली. मात्र या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे ती त्यातील 'ऑपरेटर' या शब्दाची व्याख्या. चालकाच्या आसनावर बसलेली व्यक्ती म्हणजे ऑपरेटर. आणि आसनावर कोणी नसेल तर स्वयंचालन यंत्रणा जिने कार्यान्वित केली ती व्यक्ती. विधिकर्त्यांच्या डोळ्यांसमोर घरातून निघून बटण दाबणारा एखादा गाडीमालक असावा. शेकडो गाड्यांचा ताफा शहरभर अहोरात्र फिरतो आहे आणि बटण दाबणारा असा कोणी दाखविता येत नाही, हे चित्र त्या व्याख्येत मावत नव्हते.

तोवर आसनावर माणूस असल्यामुळे अडचण जाणवली नाही. १२ नोव्हेंबर २०१५ रोजी माउंटन व्ह्यूच्या पोलिसाने गूगलची एक छोटी गाडी थांबविली, कारण ३५ मैलांच्या रस्त्यावर ती २४ मैलांनी रेंगाळत होती. आत बसलेल्यांशी बोलणे झाले, दंड झाला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर केंद्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने गूगलला पत्र लिहून, वाहनरचनेच्या केंद्रीय मानकांपुरते पाहता स्वयंचालन यंत्रणेलाच 'चालक' मानता येईल असे कळविले. वाहनाची बांधणी केंद्राकडे आणि चालकाचे वर्तन राज्यांकडे, ही अमेरिकेतील जुनी वाटणी आहे. यंत्रच चालक झाले तर ते कोणाच्या वाट्याला जाते, हा प्रश्न त्या पत्राने उभा केला. त्याचे उत्तर त्यात नव्हते.

डिसेंबर २०१६ मध्ये उबर कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोत चाचणीच्या परवान्याविना गाड्या उतरविल्या. एक गाडी लाल दिवा ओलांडताना चित्रित झाली आणि मोटार वाहन विभागाने एका आठवड्यात १६ गाड्यांची नोंदणी रद्द केली. येथे रस्त्यावरील पोलीस कोठेही दिसत नाही. कारवाई झाली ती कार्यालयातून. गाड्या ॲरिझोनाला रवाना झाल्या आणि तेथील राज्यपाल डग ड्यूसी यांनी त्यांचे उघड स्वागत केले. राज्याराज्यांत अशी चढाओढ लागली की कठोर नियम करणाऱ्याला उद्योग गमावल्याचे दूषण येते आणि सैल नियम करणाऱ्याला दूरदृष्टीचे श्रेय मिळते.

टेंपी, मार्च २०१८

१ मार्च २०१८ रोजी ड्यूसी यांनी काढलेला कार्यकारी आदेश चालक नसलेल्या वाहनांनाही मोकळीक देणारा होता. तथापि वाहनाने नियमभंग केल्यास त्याची चाचणी घेणाऱ्या किंवा ते चालविणाऱ्या 'व्यक्ती'वर दंडाची कारवाई करता येईल, आणि पोलिसांनी अशा वाहनांशी कसे वागावे याची कार्यपद्धती सार्वजनिक सुरक्षा विभागाने तयार करावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. कागदावर ॲरिझोना अनेक राज्यांच्या पुढे होते. सहा वर्षांनी फिनिक्सच्या त्या अधिकाऱ्याचा हात अडला तो कायदा नसल्यामुळे नव्हे. रस्त्यावर उभे राहून कंपनी नावाच्या अनुपस्थित व्यक्तीच्या हाती पावती देण्याची रीतच घडलेली नव्हती.

आदेशानंतर अवघ्या १७ दिवसांनी, १८ मार्चच्या रात्री, टेंपी शहरात उबरच्या चाचणी-वाहनाने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. स्वयंचालित वाहनाने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ही पहिली घटना. गाडीत देखरेखीसाठी एक कर्मचारी होती. दुसऱ्याच दिवशी टेंपीच्या पोलीसप्रमुखांनी, कंपनीचा दोष दिसत नाही असे प्राथमिक मत वृत्तपत्राला सांगितले. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये जे निष्कर्ष काढले ते याहून बरेच गुंतागुंतीचे होते. यंत्रणेला धडकेपूर्वी ५.६ सेकंद त्या स्त्रीचा सुगावा लागला होता, पण ती पादचारी आहे हे नीट ओळखता आले नव्हते. देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे लक्ष मोबाईलवर होते. कंपनीची सुरक्षाव्यवस्था अपुरी होती आणि राज्याची देखरेखही अपुरी होती.

फौजदारी न्यायाच्या टप्प्यावर या चारही गोष्टींचा भार एकाच व्यक्तीवर उतरला. मार्च २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी उत्तरदायित्व येत नसल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२० मध्ये त्या महिला कर्मचाऱ्यावर निष्काळजीपणे मृत्यूस कारण झाल्याचा आरोप ठेवण्यात आला आणि जुलै २०२३ मध्ये तिने सौम्य गुन्हा कबूल केल्यावर तीन वर्षांची परिवीक्षा झाली. व्यवस्थेला देह हवा होता, तो तिला मिळाला. हा निकाल कायद्याच्या चौकटीत चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु त्या आसनावर कोणीच नसते तर आरोपपत्रावर कोणाचे नाव आले असते, हा प्रश्न २०१८ मध्येच विचारला जायला हवा होता.

सॅन फ्रान्सिस्को : सहीवाचून अडलेला कायदा

कॅलिफोर्नियाने २ एप्रिल २०१८ पासून, म्हणजे टेंपीच्या अपघातानंतर दोनच आठवड्यांनी, चालकरहित चाचणीचे नियम लागू केले. दूरस्थ संपर्कयंत्रणा आणि पोलिसांशी व्यवहाराचा आराखडा या दोन अटी त्यात होत्या. गाडी कशी बंद करावी, सुरक्षितपणे कशी हलवावी, कागदपत्रे कोठे सापडतील, दूरस्थ प्रतिनिधीशी बोलावे कसे, हे कंपनीने स्थानिक यंत्रणांना लिहून द्यायचे होते. म्हणजे आराखडा लिहिणार कंपनी आणि वाचणार पोलीस. गाडीने गुन्हा केला तर काय, याविषयी तेथे काही नव्हते.

१ एप्रिल २०२२ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीची एक गाडी पुढील दिवे न लावता चालली होती म्हणून पोलिसांनी थांबविली. अधिकारी खिडकीत डोकावून आपल्या गाडीकडे वळतो तोच ती पुन्हा निघाली आणि चौक ओलांडून पुढे थांबली. पाहणाऱ्यांना ती पळून गेल्यासारखी वाटली. कंपनीचा खुलासा असा की ती अधिक सुरक्षित जागी गेली. माणसाने हेच केले असते तर अधिकाऱ्याचा हात पिस्तुलाकडे जाण्याचा संभव होता. येथे लोक हसले. पावती फाडली गेली नाही.

याचे कारण कॅलिफोर्नियाच्या वाहनसंहितेतील एका जुन्या तरतुदीत आहे. चालत्या वाहनाच्या नियमभंगाची नोटीस ही तेथे तांत्रिकदृष्ट्या अटक आणि सुटका यांचे संक्षिप्त रूप आहे. पोलीस चालकाला थांबवितो, नोटीस लिहितो आणि न्यायालयात हजर राहण्याच्या वचनादाखल चालक तिच्यावर सही करतो. त्या सहीवर त्याची सुटका होते. जेकब जर्मनला ठाण्यात जावे लागले होते, त्याच्या वारसांना सहीने ती यातायात वाचविली. हाडामांसाचा हात नसेल तर ही सारी साखळी तुटते. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलीसप्रमुखांनी तर अंतर्गत पत्रकाद्वारे, चालकरहित अवस्थेतील गाडीवर चालत्या वाहनाच्या नियमभंगाची नोटीस काढता येणार नाही असे आपल्या दलाला कळविले होते. लाल दिव्यावरील कॅमेऱ्याच्या बाबतीतही या राज्याने चालकाचा चेहरा छायाचित्रात दिसला पाहिजे असा आग्रह धरलेला होता. न्यूयॉर्कने मात्र त्याच कॅमेऱ्यासाठी पूर्वीच मालकाला जबाबदार धरले. टेक्सासने २०१७ च्या कायद्यात, वाहतूक नियमांच्या पालनापुरता स्वयंचालन यंत्रणेचा मालक हाच ऑपरेटर, असे सरळ लिहून टाकले. तेव्हा उपाय उपलब्ध नव्हता असे म्हणता येत नाही.

याच शहरातील एक आकडा बोलका आहे. २०२४ या एका वर्षात वेमोच्या गाड्यांना सॅन फ्रान्सिस्कोत गाडी चुकीच्या जागी उभी केल्याबद्दल ५८९ पावत्या मिळाल्या आणि दंडाची रक्कम ६५,०६५ डॉलर झाली. उभ्या गाडीचा दंड मालकावर बसतो, त्याला सही लागत नाही. तीच गाडी चालू लागली की दंडमुक्त. उभे राहण्याला शिक्षा आणि धावण्याला अभय, अशी ही उलटी व्यवस्था कोणी हेतुपुरस्सर रचलेली नव्हती. दोन वेगळ्या काळांत दोन वेगळ्या गरजांसाठी केलेल्या नियमांची ती बेरीज होती.

आपल्याकडील अनुभव येथे ताडून पाहण्यासारखा आहे. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात कलम १३२ चालकाला थांबण्याचे, १३४ अपघातानंतरच्या कर्तव्याचे बंधन घालते. तर कलम १३३ मालकावर, चालक कोण होता हे सांगण्याची जबाबदारी टाकते. कंपनीने केलेल्या अपराधांसाठी कलम १९९ आहे. ई-चलन आल्यापासून ते मालकाच्या मोबाईलवर येते, गाडी कोणी का चालविली असेना. प्रस्तुत लेखकाने धाकट्या बंधूच्या शिरस्त्राणाचा दंड एकदा निमूटपणे भरलेला आहे. याचा अर्थ भारतीय कायदा चालकरहित वाहनाला सज्ज आहे असा मुळीच नाही. परवान्यापासून अपघातापर्यंत त्याच्या प्रत्येक कलमात एक मनुष्य गृहीत आहे, आणि मूळचे नागपूरचे असलेले केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्येच, रोजगार हिरावणारी अशी वाहने येऊ देणार नाही अशी भूमिका जाहीर केली होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक उपयोगिता आयोगाने ३ विरुद्ध १ मतांनी सॅन फ्रान्सिस्कोत अहोरात्र सशुल्क सेवेला परवानगी दिली. शहर प्रशासनाचा विरोध होता. अग्निशमन दलाने आपल्या कामात या गाड्यांनी आणलेल्या अडथळ्यांच्या ५० हून अधिक घटना नोंदविल्या होत्या. परंतु परवानगी देणारे आयोग आणि विभाग राज्याचे, आणि रस्त्यावर गाडी अडली की धावणारे पोलीस व बंबवाले शहराचे. ज्याला त्रास त्याला मत नाही, अशी ही रचना होती.

दोनच महिन्यांत, २ ऑक्टोबर २०२३ रोजी, मानवी चालकाच्या एका मोटारीने एका स्त्रीला उडविले आणि ती क्रूझच्या गाडीपुढे फेकली गेली. क्रूझची गाडी धडकली, थांबली, आणि मग 'बाजूला घेणे' या आपल्या शिकवणीनुसार पुन्हा चालू लागली. गाडीखाली अडकलेली ती स्त्री सुमारे २० फूट फरपटत गेली. पहिल्या मोटारीचा चालक पळून गेला होता आणि दुसरीला चालकच नव्हता. घटनास्थळी विचारावे तर कोणाला? जे काही घडले त्याची साक्ष गाडीच्या चित्रफितीत होती आणि चित्रफीत कंपनीकडे होती. फरपटीचा भाग आपल्याला सुरुवातीस दाखविला गेला नाही असे मोटार वाहन विभागाचे म्हणणे पडले. कंपनीने ते नाकारले. २४ ऑक्टोबरला विभागाने परवाने निलंबित केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्रूझने केंद्रीय तपासात खोटा अहवाल सादर केल्याची कबुली देऊन ५ लाख डॉलरचा फौजदारी दंड स्वीकारला. नीट पाहिले तर हा दंड त्या स्त्रीला झालेल्या इजेचा नव्हे, तर अहवालाचा आहे.

२०२४ चा कायदा आणि त्याची मर्यादा

या पार्श्वभूमीवर विधानसभा सदस्य फिल टिंग यांचे विधेयक आले आणि राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली. चालकरहित वाहनाकडून नियमभंग झाल्यास पोलीस अधिकारी उत्पादक कंपनीच्या नावे 'अननुपालनाची नोटीस' काढू शकेल आणि कंपनीने ती ठरावीक मुदतीत मोटार वाहन विभागाला कळवावी, अशी तरतूद त्यात आहे. गाडीत दुतर्फा बोलण्याची सोय, आपत्कालीन यंत्रणांसाठी स्वतंत्र दूरध्वनी, आणि आग किंवा अपघाताच्या परिसरातून गाड्यांना दूर ठेवण्याचा आदेश देण्याची व्यवस्था हेही त्यात आले. अंमलासाठी १ जुलै २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. २०१२ च्या कायद्यापासून मोजले तर जवळपास १४ वर्षे.

मधल्या काळातील उणीव सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सॅन ब्रुनो येथे सर्वांसमक्ष दिसली. मद्यपी चालकांसाठी लावलेल्या नाकाबंदीत वेमोच्या गाडीने पोलिसांच्या डोळ्यांदेखत बेकायदा वळण घेतले. आपल्या दंडपुस्तकात यंत्रमानवासाठी रकाना नाही, असे पोलिसांनी समाजमाध्यमावर लिहिले आणि कंपनीला कळवून ते मोकळे झाले.

नव्या नोटिशीमुळे तो रकाना मिळाला. पण त्या रकान्यापुढे रक्कम नाही. कायद्याने नोटिशीला दंड जोडलेला नाही. विभागाने अशा नोटिशी पाहून परवान्याबाबत काय करायचे ते करावे, एवढीच अपेक्षा आहे. समर्थक म्हणतात की यंत्राला ३०० डॉलरच्या दंडाने अद्दल घडत नाही. एका गाडीची चूक ही साऱ्या ताफ्याची चूक असते, तेव्हा तिची नोंद होऊन आज्ञावली दुरुस्त होणे महत्त्वाचे. या युक्तिवादात तथ्य आहे. तथापि दंड हा केवळ अद्दल घडविण्यासाठी नसतो. रस्ता सर्वांचा आहे आणि त्यावरील नियम सर्वांना सारखे आहेत, याची ती दृश्य खूण असते. टपाल वाटणाऱ्याने तेच वळण घेतले तर त्याला पैसे भरावे लागतात, परवान्यावर गुण चढतात, विम्याचा हप्ता वाढतो. कंपनीला एक पत्र मिळते. चालकापेक्षा चालकाच्या अभावाला कायद्याने अधिक सौजन्य दाखवावे, हे प्रस्तुत लेखकाला समर्थनीय वाटत नाही.

इतर देशांनी निराळे मार्ग काढले. प्रत्येक चालत्या वाहनाला चालक असावा ही १९६८ च्या व्हिएन्ना करारातील आठव्या कलमाची अट जुलै २०२२ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने सैल झाली. जर्मनीने २०२१ च्या कायद्यात 'तांत्रिक पर्यवेक्षक' म्हणून एका जिवंत व्यक्तीची नेमणूक आवश्यक केली, म्हणजे देह राखून ठेवला. ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्याने गाडी स्वतः चालत असताना आत बसलेल्याला वाहनचालनाच्या बहुतेक गुन्ह्यांतून मुक्त करून जबाबदारी अधिकृत संस्थेवर टाकली. जपानमध्ये एप्रिल २०२३ पासून अशा सेवेला परवानगी लागते ती प्रांतिक सार्वजनिक सुरक्षा आयोगाची, ज्याच्या देखरेखीखाली पोलीस दल असते. पोलिसांना दारात उभे करून परवानगी देणे आणि गाड्या रस्त्यावर आल्यानंतर पोलिसांना पुस्तिका पाठविणे, यांतील फरक कॅलिफोर्नियाच्या अनुभवाने ठसठशीत होतो.

साक्षीदार झालेली गाडी

चालक गेल्याने पोलिसांचे काहीच उरले नाही, असे मात्र नाही. या गाड्यांवर कॅमेरे आहेत आणि ते सतत चित्रण करतात. सॅन फ्रान्सिस्को पोलिसांच्या प्रशिक्षणाच्या एका कागदात, अशा चित्रणाचा तपासाला उपयोग होऊ शकतो हे नमूद असल्याचे २०२२ मध्ये उजेडात आले, आणि न्यायालयीन आदेश घेऊन चित्रण मागविल्याची उदाहरणेही पुढे आली. रेन खटल्याच्या छायेत चालकाला किरकोळ निमित्ताने थांबवून झडती घेणारी पद्धत या गाड्यांच्या बाबतीत निरर्थक ठरते. मागे बसलेल्या प्रवाशाने तर वाहतुकीचा कोणताच नियम मोडलेला नसतो. कृष्णवर्णीय प्रवाशाच्या दृष्टीने ही सुटका खरी आहे. पण तीच गाडी रस्त्याकडेच्या प्रत्येकाला टिपत जाते, आणि त्यासाठी कोणालाही थांबवावे लागत नाही. जुन्या भेटीत नागरिकाला निदान एवढे कळत असे की आपल्याकडे पाहिले जात आहे.

एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी एका पादचाऱ्याला धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या शोधासाठी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. ती शेजारून जाणाऱ्या वेमोच्या गाडीने टिपलेली होती. सार्वजनिक रस्त्यावरील, सार्वजनिक अपराधाच्या त्या चित्रणावर, ही कंपनीची गोपनीय व्यावसायिक माहिती आहे अशा अर्थाची अक्षरे उमटलेली होती.